जर्मनीला नेण्यासाठी घेतलेला २ लिटरचा कुकर

ऑक्टोबरपासून ड्रेस्डेनला मास्टर्स. व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) सगळं सुरळीत झालं आणि घरात वाद पेटला तो कुकरवरून. आई म्हणे, आपला जुना अ‍ॅल्युमिनियमचाच ने. पण तो इंडक्शनवर तापतच नाही, तळाला लोहचुंबक चिकटायला हवा. म्हणून फ्रिजवरचा चुंबक पर्समध्ये टाकून तुळशीबाग गाठली. दुकानदारकाका हसले, पण पाच कुकर उलटे करून दिले. त्यातल्या दोनांना चुंबक चिकटलाच नाही!

घेतला तो स्टीलचा, जाड तळाचा. पंधरा दिवस रोज वापरतेय. दोन डबे बसत नाहीत. तांदूळ तळाशी आणि डाळीची वाटी त्यातच. एका माणसाला पुरतं. तूरडाळ भिजवलेली असेल तर तीन शिट्ट्या, नाहीतर पाच. मुगाची खिचडी मात्र तळाला लागते, हे स्टीलचं दुखणं. पाणी सढळ घाला. पहिली रिंग आठवड्यात सैल पडली, झाकणातून नुसती फुसफुस. काकांनी कुरकुर न करता बदलून दिली, एक जादाही घेऊन ठेवली.

२३ किलोंच्या बॅगेत याचं वजन खुपतं. पण पोटात गोडा मसाला, मेतकूट आणि मोजे मावलेत. तूप नाही, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. बाबांचं अजून चालूच आहे, "छोटी बरणी कोण बघतंय?" शिट्टी एका मोज्यात घातलीय. कुठल्या, ते आईलाच माहीत.