मधाचा ‘पास’ रिपोर्ट दाखवून होणारी फसवणूक

घाऊक मध घेणाऱ्याला गंडवायची एक पद्धत आता चांगलीच मुरली आहे. तिला खोटा रिपोर्टही लागत नाही. पुरवठादार बाटलीभर नमुना आणि मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट पाठवतो: ओलावा 18.6 टक्के, एचएमएफ (मध तापवल्यावर किंवा जुना झाल्यावर वाढणारं रसायन) 18 मिलिग्रॅम प्रति किलो, डायस्टेज (मधातलं एक एन्झाइम) 14, सी-4 साखर (म्हणजे मका-उसाच्या गटातली) 7 टक्क्यांच्या आत. लॅबला विचारलं तर रिपोर्ट आमचाच, असं सांगतात. पैसे जातात, ड्रम येतात, माल भरून पुढे जातो. मग एखादा मोठा ग्राहक स्वतःच्या लॅबमध्ये तपासणी करतो आणि सगळा लॉट सिरपची भेसळ म्हणून परत येतो. पुरवठादाराचं उत्तर तयारच असतं: ‘आमच्याकडून निघाला तेव्हा पास होता.’

पहिली मेख सी-4 चाचणीत आहे. मका आणि ऊस यांच्या साखरेत कार्बन-13 (कार्बनचा जड प्रकार) चं प्रमाण फुलांच्या रसातल्या साखरेपेक्षा जास्त असतं; मधाचा आकडा साधारण −25 प्रति मिलच्या (ठरलेल्या प्रमाणकापेक्षा हजारात किती कमी, त्याच्या) आसपास, मक्याच्या पाकाचा −9.7 च्या. मधातलं प्रथिन सोडियम टंगस्टेट आणि सौम्य गंधकाम्लाने वेगळं काढून (पाक घातल्याने ते बदलत नाही) त्याची मधाशीच तुलना करतात. प्रथिन −25.1 आणि मध −24.2 आला, तर 0.9 भागिले 15.4 (प्रथिन आणि मक्याचा पाक यांच्यातला फरक), म्हणजे सी-4 साखर 5.8 टक्के. मर्यादा 7 टक्के, म्हणून पास. फरक 1 च्या आत राहील इतपतच पाक घालायचा, हे मिसळणाऱ्याला तोंडपाठ असतं.

त्याहून वाईट म्हणजे तांदूळ आणि बीट यांचा पाक. या वनस्पती सी-3 गटातल्या, बहुतेक फुलझाडांसारख्याच, त्यामुळे ही चाचणी त्यांच्या बाबतीत आंधळी आहे. सी-3 पाकाने आकडा जरा खाली ओढला गेला, तर थोडा मक्याचा पाक घालून तो परत वर आणता येतो. ओलावा आणि एचएमएफ भेसळीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत. एचएमएफ तापवण्याचा आणि जुनेपणाचा निर्देशक आहे. डायस्टेज तर बाहेरून घालता येतं. पाण्यात थेंब सोडणं, कापसाची वात पेटवणं असले घरगुती प्रयोग सोडूनच द्या, दाट पाक त्यात हमखास उत्तीर्ण होतो.

म्हणून ‘भेसळ चाचणी’ असं मोघम न लिहिता ऑर्डरमध्ये पद्धतीचं नाव लिहावं. एलसी-आयआरएमएस या पद्धतीत फ्रुक्टोज, ग्लुकोज, द्विशर्करा वगैरे वेगळे करून प्रत्येकाचा कार्बन-13 मोजतात. शुद्ध मधात फ्रुक्टोज आणि ग्लुकोज यांच्यातला फरक ±1.0 च्या आत राहतो, आणि कोणत्याही दोन घटकांतला ±2.1 च्या आत. जोडीला परकी एन्झाइम, परक्या ओलिगोसॅकराइड (छोट्या साखळीच्या साखरा) आणि तांदळाच्या पाकाचे खुणेचे रेणू तपासून घ्यावेत. एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात मधाच्या सगळ्या घटकांचा ठसा घेणारी चाचणी) उत्तम, पण त्याचा निकाल लॅबच्या संदर्भसंग्रहावर टेकलेला असतो. तुमच्या फुलाचा आणि प्रदेशाचा मध त्या संग्रहात आहे का, हे आधी विचारा.

दुसरी मेख नमुन्यात. रिपोर्टवर बारीक अक्षरात ‘नमुना ग्राहकाने दिला’ आणि ‘निकाल फक्त तपासलेल्या नमुन्यापुरता’ असं छापलेलं असतं. म्हणजे लॅबने बाटली तपासली, ड्रम नव्हे. लॉट क्रमांक, नमुना पोचल्याची तारीख आणि ड्रमवरची चिठ्ठी जुळवून पाहा. आयएसओ 17025 (चाचणी लॅबसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) ची मान्यता सरसकट लॅबला नसते. ती ठराविक पद्धतीला, ठराविक पदार्थासाठी असते. ज्या ओळीपुढे तारका आहे ती बहुधा मान्यतेच्या कक्षेबाहेरची. ‘आढळले नाही’ हे शब्द मोजमापाच्या खालच्या मर्यादेशिवाय वाचू नयेत. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकासाठी युरोपीय संघाचा आकडा 0.15 मायक्रोग्रॅम प्रति किलो आहे. लॅबची मर्यादा 10 असेल तर त्या ‘नाही’ला काही किंमत नाही.

नमुना स्वतः किंवा त्रयस्थाकडून काढावा, पुरवठादाराने पाठवलेला घेऊ नये. दाणे धरलेला मध तळाशी बसतो, म्हणून नळी वरपासून बुडापर्यंत घालायची. दहा ड्रमचा मिळून एकच नमुना करणं हा स्वस्त मोह आहे: एका ड्रममध्ये 30 टक्के मक्याचा पाक असला तरी एकत्र नमुन्यात तो 3 टक्केच दिसतो आणि सगळे दहा पास होतात. परवडत नसेल तर निदान दोन-तीन ड्रम, तेही पुरवठादाराने दाखवलेले नव्हे तर आपण निवडलेले, वेगवेगळे तपासावेत. प्रत्येक नमुन्याच्या तीन सीलबंद बाटल्या, दोघांच्या सह्यांसह: एक थेट लॅबला, एक पुरवठादाराला, एक आपल्याकडे अंधाऱ्या थंड जागी. उरलेली रक्कम रिपोर्ट आल्यावरच द्यायची, आणि वाद झाला तर तिसरी बाटली कोणत्या लॅबमध्ये जाईल हे करारातच लिहून घ्यायचं. ही अट ऐकून जो पुरवठादार दर कमी करायला लागतो, त्याचा माल घेऊ नये.