फोनच्या अपडेटची वर्षे कशी मोजावीत: पिक्सेल ९ए, गॅलेक्सी ए३६, नॉर्ड ४ आणि आयफोन १६ई

तीस ते साठ हजार रुपयांपर्यंतचा फोन घेणाऱ्याला कॅमेरा, पडदा आणि चार्जिंगचा वेग यांची तुलना दुकानात उभ्या उभ्या करता येते; फोन किती वर्षे सुरक्षित राहील हे मात्र काउंटरवर दिसत नाही. असा फोन आपण स्वतः तीन-चार वर्षे वापरतो आणि पुढे तो आईवडिलांकडे किंवा मुलांकडे जातो. खरेदीनंतरच्या पाचव्या वर्षीही त्याच फोनवरून यूपीआयचे व्यवहार आणि बँकेचे ओटीपी चालू असतात, त्यामुळे अपडेटची मुदत ही माझ्या मते किमतीखालोखाल सर्वांत महत्त्वाची बाब आहे.

कंपन्या दोन वेगवेगळी आश्वासने देतात आणि जाहिरातीत ती बहुधा एकत्र मिसळलेली असतात. पहिले आश्वासन अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांचे असते, दुसरे सिक्युरिटी पॅचचे. आवृत्ती बदलली की फोनचे रूप आणि सोयी बदलतात. पॅच आला की उघडकीस आलेली सुरक्षेची भोके बुजतात. बहुतेक ॲप्स जुन्या आवृत्तीवर बरीच वर्षे चालतात, आणि व्हॉट्सॲपने २०१३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.४ चा आधार थेट जानेवारी २०२५ मध्ये काढला, यावरून त्याची कल्पना यावी. पॅच थांबल्याचा परिणाम त्याहून लवकर जाणवू शकतो. मे २०२५ पासून गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या, फोन विश्वासार्ह आहे का हे ॲपला सांगणाऱ्या तपासणीत अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनांना सर्वोच्च पातळीचा दाखला मिळण्यासाठी मागील एका वर्षातला पॅच असणे आवश्यक झाले आहे. बँकेच्या ॲपने तीच पातळी मागितली, तर पॅच बंद झालेला फोन उत्तम चालत असूनही त्या कामापुरता निरुपयोगी ठरू शकतो.

आता या चार फोनांकडे पाहू. गूगलचा पिक्सेल ९ए भारतात एप्रिल २०२५ मध्ये ४९,९९९ रुपयांना आला आणि त्याला आवृत्त्या व पॅच दोन्ही ७ वर्षे मिळणार आहेत. मार्च २०२५ मध्ये ३२,९९९ रुपयांपासून आलेल्या गॅलेक्सी ए३६ साठी सॅमसंगने ६ आवृत्त्या आणि ६ वर्षांचे पॅच सांगितले आहेत. वनप्लस नॉर्ड ४ जुलै २०२४ चा, २९,९९९ रुपयांपासून. त्याला ४ आवृत्त्या आणि ६ वर्षांचे पॅच. फेब्रुवारी २०२५ मध्ये ५९,९०० रुपयांना जाहीर झालेल्या आयफोन १६ई बाबत ॲपलने खरेदीदारासमोर असा ठळक आकडा ठेवलेला नाही.

हे आकडे फोन बाजारात आल्यापासून मोजले जातात, आपण तो घेतल्यापासून नव्हे. २०२६ च्या दिवाळीत सवलतीत नॉर्ड ४ घेणाऱ्याच्या वाट्याला ६ वर्षांपैकी चारही पूर्ण उरणार नाहीत. त्याच दिवशी घेतलेल्या पिक्सेल ९ए ला मात्र सुमारे साडेपाच वर्षे शिल्लक असतील. सवलतीत वाचलेले पैसे या गमावलेल्या वर्षांसमोर ठेवूनच व्यवहार स्वस्त की महाग ते ठरवावे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमात अपडेटची किमान ५ वर्षे त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून मोजायची आहेत, आणि उशिरा खरेदी करणाऱ्याच्या दृष्टीने तीच न्याय्य पद्धत आहे. भारतात अशी सक्ती नाही, म्हणून हा हिशेब ग्राहकानेच करावा लागतो.

आयफोनच्या बाबतीत आश्वासनापेक्षा इतिहास अधिक बोलतो. २०१५ च्या आयफोन ६एस ला आयओएस (आयफोनची प्रणाली) ९ पासून १५ पर्यंत आणि २०१८ च्या आयफोन एक्सएस ला आयओएस १२ पासून १८ पर्यंत मजल मारता आली, म्हणजे दोघांनाही ६ मोठी अपडेट मिळाली, तीही त्या काळी नव्या असलेल्या फोनांच्याच दिवशी. १६ई मध्ये आयफोन १६ प्रमाणेच ए१८ चिप आणि ८ जीबी रॅम असल्याने त्याला लवकर वगळले जाईल असे वाटत नाही.

मुदतीइतकाच वेळेवर येण्याचा प्रश्न आहे. अँड्रॉइड १५ पिक्सेलवर ऑक्टोबर २०२४ मध्ये पोहोचले, पण सॅमसंगच्या त्या वेळच्या सर्वांत महागड्या एस२४ मालिकेलाही ते एप्रिल २०२५ मध्ये मिळाले. पुढच्या वर्षी हे अंतर बरेच कमी झाले, हे सॅमसंगच्या बाजूने नोंदवले पाहिजे. मात्र सॅमसंग काही मॉडेलांना दरमहा, काहींना तिमाहीने तर काहींना सहामाहीने पॅच देते आणि ही यादी बदलत राहते, म्हणून घेण्यापूर्वी आपले मॉडेल कोणत्या गटात आहे हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे.

लांब मुदतीचा उपयोग होण्यासाठी फोनमध्ये तेवढा दमही हवा, आणि नॉर्ड ४ व ए३६ यांच्यातील निवड इथे खरोखर अवघड होते. नॉर्डची स्नॅपड्रॅगन ७ प्लस जेन ३ ही चिप ए३६ मधील स्नॅपड्रॅगन ६ जेन ३ पेक्षा स्पष्टपणे ताकदवान आहे. ए३६ ला सहावी आवृत्ती मिळेल तेव्हा तो सुरक्षित असेल, पण चपळ असेल याची खात्री मी देणार नाही. उलट नॉर्ड चौथ्या आवृत्तीवर थांबला तरी वेगाने चालत असण्याची शक्यता अधिक. गेम आणि व्हिडिओ संपादन करणाऱ्याने नॉर्ड घ्यावा, मात्र तो जुना झालेला असल्याने किमतीत चांगली घट मिळत असेल तरच. फोन पुढे घरातील ज्येष्ठांकडे जाणार असेल तर ए३६ बरा, आणि तोही शक्यतो २५६ जीबीचा, कारण १२८ जीबी भरत आली की मोठे अपडेट उतरवायलाच जागा उरत नाही.

पिक्सेलची मुदत सर्वांत मोठी असली तरी त्यासोबत एक अट येते, जी विक्रेता सहसा सांगत नाही. ९ए मध्ये बॅटरीचे २०० चार्जिंग फेरे (एक फेरा म्हणजे पूर्ण बॅटरीइतका वापर) झाल्यावर तिचे कमाल व्होल्टेज १,००० फेऱ्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने कमी केले जाते, आणि ही व्यवस्था बंद करता येत नाही. बॅटरी जपण्यासाठी ते केले जात असले तरी एका चार्जवर फोन चालण्याचा काळ वर्षागणिक घटतो. सात वर्षे वापरायचा तर एकदा बॅटरी बदलण्याचा खर्च धरूनच चालावे. मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला ते जड जाणार नाही. परभणी किंवा सिंधुदुर्गात राहणाऱ्याला सॅमसंगचे अधिकृत सर्व्हिस सेंटर सापडणे पिक्सेलच्या तुलनेत कितीतरी सोपे आहे, आणि एवढ्या एका कारणासाठी त्याने पिक्सेलचे जादा वर्ष सोडून ए३६ घेतला तर मी ती निवड योग्यच मानेन.

मोठ्या शहरात राहणाऱ्या, पन्नास हजारांपर्यंत खर्च करू शकणाऱ्या आणि सहा-सात वर्षे फोन न बदलण्याचा निश्चय असलेल्या ग्राहकाला मी पिक्सेल ९ए सुचवेन. त्यावर आणखी दहा हजार घालून १६ई घेणे घरात आधीच ॲपलची उपकरणे असतील तरच पटते. कोणीही वापरलेला फोन घेत असेल, तर पैसे देण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये फोनविषयीच्या माहितीत अँड्रॉइड आवृत्तीखाली दिलेली सिक्युरिटी अपडेटची तारीख पाहावी आणि नवे अपडेट शोधूनही ती तारीख वर्षभर जुनीच राहिली, तर तो फोन घेऊ नये.