लग्न आपल्या चर्चमध्ये की दुसऱ्यांच्या?

भाचीने पुण्यातल्या एका दगडी चर्चचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, लग्न इथेच." आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, उपनगरातली, पत्र्याच्या छताची. पावसाने जोर धरला की पाद्रीसाहेब उपदेश आवरता घेतात, कारण तिसऱ्या बाकाच्या पुढे काही पोचतच नाही. तेव्हा तिला नावं ठेवायला मी धजलो नाही. मात्र पुढचे चार महिने दाखल्यांच्या मागे मीच फिरलो.

आपल्या मंडळीत लग्न करायचं तर कागदाचा त्रास जवळपास नाही. बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी), वर्गणी सगळं तिथल्याच वह्यांत, आणि पाद्रीसाहेबांनी मुलीला संडेस्कूलपासून पाहिलेलं. फीही बेताची. पण एक खर्च कुणी हिशेबात धरत नाही. वेदीवरून विवाहघोषणा झाली की निम्म्या मंडळीला बोलवून निम्म्यांना टाळता येत नाही, चारशे पानं धरायचीच. दुसऱ्यांच्या चर्चची फी जास्त असते, पण पाहुणे तुम्ही मोजून बोलवू शकता. आमची बेरीज शेवटी जवळपास सारखीच आली.

दुसरं चर्च आपल्याच पंथाचं असेल तर काम जमण्यासारखं असतं. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, त्यात बऱ्याच जुन्या प्रॉटेस्टंट मिशनांच्या मंडळ्या एकाच छत्राखाली आल्या. म्हणून नगरच्या मंडळीचा सभासद पुण्यात अगदीच परका ठरत नाही. तरी आपल्या पाळकांचं, म्हणजे पाद्रीसाहेबांचं, पत्र लागतं, आणि ते मागायला गेलं की थकलेल्या वर्गणीची आठवण हमखास निघते. तारखांवर पहिला हक्क तिथल्या सभासदांचा. मे महिना आणि नाताळानंतरचे दिवस हवे असतील तर आशा कमीच ठेवा.

पहिल्या भेटीतच दोन प्रश्न विचारा. विधी कोण करणार? आपले पाळक नुसता उपदेश करणार की शपथाही देणार, हे तिथल्या पाळकांच्या आणि कमिटीच्या मर्जीवर असतं. आणि भाषा कोणती? भाचीची आजी शेवगावची. शपथा इंग्रजीत झाल्या असत्या तर तिला नातीचं लग्न फक्त दिसलं असतं. आम्ही मराठीसाठी हट्ट धरला आणि तो मान्य झाला. ऑर्गन वाजवणाऱ्याचं मानधन मात्र आमचा वादक असूनही भरावं लागलं, तशी तिथली रीतच.

कॅथलिकांचं गणित निराळं. तिथे वधूचा किंवा वराचा धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे घर ज्या चर्चच्या हद्दीत येतं तो भाग) हीच लग्नाची नेहमीची जागा. तिसरीकडे करायचं तर आपल्या धर्मगुरूंची किंवा बिशपांची परवानगी लागते. वसईच्या मुलीला बांद्र्यात लग्न करता येतं, पण कागदपत्रं आणि चौकशी घरच्याच धर्मग्रामातून सुरू होते. बाप्तिस्म्याचा दाखला ताजा लागतो, कपाटातला लॅमिनेट केलेला चालत नाही. त्याचं कारण मला आवडलं: लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्याच वहीत होते, त्यामुळे ताज्या दाखल्यावरून माणूस आधी विवाहित आहे की नाही ते कळतं. ईस्टरआधीच्या उपवासकाळातली तारीख धरू नका.

जोडीदार दुसऱ्या पंथाचा असेल तर आधी फादरांकडे जा, चर्चचे फोटो नंतर पाहा. कॅथलिक मुलीने बिशपांकडून सूट, म्हणजे नियमातून खास मोकळीक, न घेता प्रॉटेस्टंट चर्चमध्ये लग्न केलं, तर तिचं स्वतःचं चर्च ते लग्न मानत नाही. जोडीदार बाप्तिस्मा न झालेला असेल तर त्यासाठीही बिशपांची सूट लागते आणि मुलांना कॅथलिक वळण देण्याबद्दलचं वचन कॅथलिक बाजूला द्यावं लागतं. हे घरी आधी बोलून घ्या, फादरांसमोर पहिल्यांदा ऐकू येऊ नये.

कायदा वेगळाच. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार दोघांपैकी एक तरी ख्रिस्ती हवा. दोघंही नसतील तर चर्च कितीही आवडलं तरी त्या कायद्याने लग्न लागत नाही. वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७, रोमन कॅथलिकांना बिशपांच्या परवान्याने त्यात सवलत मिळते. स्वतंत्र मंडळीचे पाळक असतील तर त्यांच्याकडे लग्न लावायचं लायसन्स आहे का ते न लाजता विचारा. अशा पाळकांनी लग्नाच्या नोटिशीनंतर दिलेला दाखला दोनच महिने चालतो. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आजही चालते, तिथे चर्चच्या आधी सिव्हिल रजिस्ट्रारची पायरी चढावी लागते.

आणखी एक वाट आहे: १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी, तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, आणि मग कुठल्यातरी चर्चमध्ये फक्त आशीर्वादाची प्रार्थना. आंतरधर्मीय जोडप्यांना मी हीच सुचवतो. फक्त कॅथलिक बाजूला ही पुरत नाही, तिला बिशपांची सूट इथेही लागते.

पुण्यातल्या पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली नुसता चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांमागे प्रायश्चित्ताचं झेंगट लागलं होतं. दुसऱ्याच्या चर्चमध्ये पाऊल टाकल्यावर होणारे घोळ पुण्याला नवे नाहीत.

भाचीचं लग्न त्या दगडी चर्चमध्ये झालं. बाकांना सेलोटेप नाही, अक्षता नाहीत, पाकळ्या फक्त फाटकाबाहेर. रजिस्टरवर सह्या चालू असतानाच चर्चचा शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभा, कारण साडेपाचला पुढची जोडी होती. फोटो सुरेख आलेत. आजी म्हणाली, गारवा छान होता.

फसलो एकाच ठिकाणी. आधी हॉलचं टोकन भरलं आणि मग चर्चकडे तारीख मागितली. ती नव्हती. टोकन परत मिळालं नाही.