झाकणाचीच सुरी: बटर-जॅमच्या छोट्या डब्या हंगामभर वापरून झाल्यावर

गेल्या दिवाळीच्या गर्दीपासून आम्ही या डब्या वापरतोय. एका माणसापुरतं बटर किंवा जॅम, आणि वरचं लाकडी झाकण काढलं की तीच लावायची सुरी. आता पावसाळा निम्म्यावर आलाय, म्हणजे थंडी, मे महिन्याचा उकाडा आणि कोकणातली दमट हवा असं तिन्ही त्यांनी सोसून झालं. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. बांधून द्यायच्या नाश्त्याला वस्तू कामाची आहे, टेबलावर वाढायला पैसे वाया. आणि बटरपेक्षा ती जॅमला जास्त शोभते.

दापोलीजवळ समुद्राच्या बाजूला आमचं छोटं न्याहारी-निवास आहे. नाश्त्याला घावन, आंबोळ्या, पोहे असं घरचंच असतं. पण शहरातली मुलं पहिल्या दिवशी घावनाकडे संशयानं बघतात, त्यांच्यासाठी ब्रेड-बटर ठेवावंच लागतं. खरी अडचण टेबलावर नव्हतीच, ती होती डॉल्फिन बघायला जाणाऱ्यांची. होडीवाले सकाळी लवकर निघतात, कुणासाठी थांबत नाहीत. मग आदल्या रात्रीच डबा भरून ठेवायचा: ब्रेड, उकडलेली अंडी, केळं, बटरची दहा ग्रॅमची चिपलेट (फॉइलच्या कागदातली छोटी वडी), जॅमचं ब्लिस्टर (वरून सील केलेली प्लॅस्टिकची चिमुकली डबी). आणि सुरी.

पूर्वी प्लॅस्टिकची सुरी टाकायचो. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या सुऱ्या, चमचे, काटे, स्ट्रॉ सगळं बंद झालं. मग लाकडी सुऱ्या आणल्या. त्या चांगल्याच असतात, पण पहाटे चहा, थर्मास, बिल, रिक्षा या गडबडीत डब्यात जायच्या राहतात. होडीतून फोन येतो, "अहो, सुरी कुठाय?" लोक काय काय वापरतात ते ऐकून होते: केळ्याची साल, हॉटेलच्या किल्लीचं कार्ड, आणि शेवटी बोट. समुद्राच्या पाण्यात घातलेलं बोट.

त्यामुळे आमच्या मालाच्या पुरवठादारानं ही डबी दाखवली तेव्हा मला ती पटकन पटली. कल्पना तशी नवी नाही. योंगकुन जोंग नावाच्या कोरियन डिझायनरनं लाकडी सुरीच झाकण असलेली बटरची डबी बऱ्याच वर्षांपूर्वी कल्पनाचित्र म्हणून मांडली होती आणि ती चित्रं इंटरनेटवर खूप फिरली. चित्रात ती फार देखणी दिसते. चित्रातलं बटर नेहमी बरोब्बर मऊ असतं, हीच त्यातली गोम.

आता वस्तू. लांबट, उथळ प्लॅस्टिकची डबी, आगपेटीहून थोडी मोठी. त्यावर ॲल्युमिनियमच्या फॉइलचं सील. फॉइलवर गोंदाच्या दोन ठिपक्यांनी चिकटवलेली लाकडी पट्टी, जाडी दोनेक मिलिमीटर, एक टोक पात्यासारखं रुंद आणि दुसरं धरायला अरुंद. सगळ्याला मिळून एक कागदी पट्टा. लाकडाखाली फॉइल कशाला, असं मला आधी वाटलं होतं. पण नुसत्या लाकडाचं झाकण चालणारच नाही: लाकूड सच्छिद्र, ते तूपकटपणा शोषून घेतं आणि हवाही आत सोडतं, बटर चार दिवसांत खवट व्हायचं. म्हणजे अन्न राखायचं काम फॉइल करतं, लाकूड वर नुसतं स्वार झालेलं असतं. 'झाकणाचीच सुरी' हे वर्णन तेवढ्यापुरतं थोडं फसवं आहे.

उघडायची रीत अशी: कागदी पट्टा फाडायचा, पट्टीच्या अरुंद टोकाखाली नख घालून ती उचकटायची, मग फॉइल सोलायचं. इथे एक गोष्ट रोज खटकते. पट्टी निघताना गोंदाचा ठिपका कधी फॉइलवर राहतो, कधी लाकडावर. लाकडावर राहिला की तो चिकट ठिपका बरोबर पात्याच्या मधोमध, म्हणजे जिथे बटर लागणार तिथेच. खाण्याजोगाच गोंद आहे असं पुरवठादार सांगतो. असेल. पण पाहुण्याला ते कोण समजावणार? ठिपके धरायच्या टोकाकडे सरकवले तर प्रश्नच मिटेल. दुसरं म्हणजे कागदी पट्टा काही डब्यांवर तोकडा येतो आणि पात्याचं टोक उघडं राहतं. खोक्यातून काढणारा हात, फ्रिजचा कप्पा, पिशवी, या सगळ्याला लागलेलं टोकच मग बटरात जाणार. असे नग मी बाजूला काढते आणि घरी वापरते.

आता बटर. फ्रिजच्या चार-पाच अंशांत बटरमधली निम्म्याच्या आसपास चरबी घट्ट स्फटिकांच्या रूपात असते. खोलीच्या वीस अंशांना ते प्रमाण बरंच उतरतं, तेव्हा ते छान पसरतं, आणि पस्तिशीच्या आसपास सगळंच पातळ होतं. त्यात म्हशीच्या दुधाचं बटर गाईच्या बटरपेक्षा थंडीत जास्त कडक, आणि आपल्याकडे म्हशीचं दूध भरपूर. फ्रिजमधून काढलेल्या डबीत ही पट्टी खुपसली की दोनच गोष्टी होतात: बटरचा ढेकळासारखा तुकडा निघतो आणि ब्रेडला भोक पाडतो, नाहीतर पट्टीच मानेशी मोडते. आमच्याकडे स्वयंपाकात मदतीला येणाऱ्या ताई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "वहिनी, ह्या सुरीनं बटर लागत नाय, पाव फाटतो." याहून नेमकं परीक्षण मी आजवर वाचलेलं नाही.

मोडण्यामागचं कारण मला डिसेंबरात सापडलं. एका खोक्यातल्या पट्ट्या भराभर मोडत होत्या, दुसऱ्यातल्या शाबूत. दोन्ही उजेडात धरून पाहिल्या. चांगल्या पट्टीत लाकडाच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत उभ्या धावतात. मोडणाऱ्या पट्टीत त्या आडव्या होत्या. म्हणजे लाकडाच्या पातळ पत्र्यातून पट्ट्या कापताना कुणीतरी साचा नव्वद अंशांत फिरवून जास्त नग काढले होते. लाकूड रेषेच्या दिशेनं वाकतं, आडवं पडलं की कटकन तुटतं, हे आपल्याकडे सरपण फोडणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. तेव्हापासून खोकं आलं की वरच्या दोन-चार डब्या उघडून रेषा बघते आणि मगच सही करते. तुम्ही घेणार असाल तर एवढं एक नक्की करा, बाकी काही नाही केलंत तरी चालेल.

थंडीत डबा भरताना बटरच्या डब्या रात्रीच बाहेर काढून ठेवल्या की सकाळपर्यंत बरोबर लागतात. कोकणातल्या जानेवारीतल्या पहाटेइतकं बटरला मानवणारं हवामान दुसरं नसेल. मे महिन्यात मात्र सगळं उलटं. रात्री काढलेली डबी सकाळी हलवली की आत डुचमळतं. फॉइल सोलताना शिंतोडे उडतात आणि पट्टीवर काही टिकतच नाही, थेट ब्रेडवर ओतायचं. तेव्हा आम्ही गोठवलेली पाण्याची बाटली डब्याशेजारी ठेवून बघितली. बाटलीला चिकटलेली डबी दगड, पलीकडची पातळ. शेवटी मे महिन्यात बांधायच्या डब्यातून बटर काढूनच टाकलं आणि दोन जॅम दिले. कुणी तक्रार केली नाही.

जॅमचं गणित निराळं. जॅम फ्रिजमध्ये कडक होत नाही, उन्हात वितळत नाही, साखरेमुळे बाहेरही टिकतो. पट्टीवर जोर येत नाही, म्हणून ती मोडत नाही. आणि साध्या ब्लिस्टरमधून जॅम काढणं किती कटकटीचं असतं ते हॉटेलात राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे: चहाचा चमचा आत जात नाही, दाबलं तर बाजूनं येतं, मुलं सरळ जिभेनं चाटतात. इथे रुंद पातं सरळ तळाला लागतं. गमतीचा भाग असा की ही वस्तू विकली जाते बटरच्या नावानं.

तरी एक खोट दोन्हींत आहे, ती कोपऱ्यांची. डबीचे कोपरे गोल, तळालाही गोलाई, आणि पट्टीचं टोक जवळजवळ सरळ कापलेलं. त्यामुळे चारही कोपऱ्यांत माल अडकून राहतो. पंधरा ग्रॅमच्या डबीत कोपऱ्यात थोडं थोडं राहिलं तरी ते डोळ्यांत भरतं, आणि ज्याला पुरवून खायची सवय आहे त्याचा जीव वर-खाली होतो. माझ्या सासूबाई ब्रेडचा तुकडा दुमडून कोपरे पुसून घेतात, तेव्हा त्या तुकड्यापुढे सुरी हरते. पट्टीच्या टोकाची गोलाई डबीच्या कोपऱ्याशी जुळवून कापणं काही अवघड नाही, साचा तेवढा बदलायला हवा. सुरी आणि भांडं एकत्र विकताय, तर दोघांचं माप एकमेकांशी जमायला नको का?

पावसाळ्यात आणखी एक भानगड. जूनच्या शेवटी एका खोक्यातल्या पट्ट्यांवर बारीक काळपट ठिपके दिसले. बुरशी. आतला माल ठीक होता, फॉइल शाबूत होतं, पण तशी पट्टी कुणाच्या तोंडाजवळ न्यायची नाही. ते खोकं टाकून दिलं. आता पावसाळ्यात खोकी फ्रिजमध्ये किंवा झाकण घट्ट बसणाऱ्या पिंपात ठेवते, आणि एका वेळी थोडीच मागवते. दमट हवेत लाकूड फुगतं, पट्टी किंचित वाकते, मग कागदी पट्टा सैल होतो. कोरड्या हवेत हे काहीच जाणवणार नाही. नाशिक-नगरकडच्या कुणी वापरली असेल तर त्यांचा अनुभव वेगळा असणार.

हिवाळ्यात जपानमध्ये नोकरी करणारं एक मराठी कुटुंब राहायला होतं. त्यांनी बॅगेतून त्यांच्याकडची जॅम-मार्गारिनची पाकिटं काढून दाखवली. तिकडे शाळेतल्या जेवणातही ती देतात म्हणे. सुरीच नाही. चपट्या पाकिटात दोन कप्पे, एका बाजूला कडक प्लॅस्टिकचा पत्रा. तो एका हातानं मधोमध दुमडला की छोट्या फटीतून दोन्ही पदार्थ शेजारी-शेजारी रेघ काढत बाहेर येतात, थेट ब्रेडवर. हाताला काही लागत नाही, कोपऱ्यात फारसं उरत नाही, आणि दुसऱ्या हातात ब्रेड धरता येतो. पाहुण्यांतल्या एका आजोबांचा उजवा हात थरथरायचा. त्यांना आमची लाकडी पट्टी उचकटून देणं, फॉइल सोलून देणं सगळं दुसऱ्यानं करावं लागलं होतं. तेच आजोबा ते जपानी पाकीट डाव्या हातानं सहज दुमडून मोकळे झाले. अमेरिकेत हाइन्झनं २०१० मध्ये केचपचं असंच दुहेरी पाकीट काढलं होतं: टोक फाडून पिळा, नाहीतर वरचं झाकण सोलून फ्रेंच फ्राइज बुडवा. दोन्हींत वेगळं अवजार नाही, पाकीटच काम करतं. आमच्या डबीत अवजार आहे, ते नुसतं पाकिटाच्या पाठीवर बसून येतं.

कचऱ्याचंही बोलायला हवं, कारण 'पर्यावरणपूरक' हा शब्द खोक्यावर मोठ्या अक्षरात आहे. साध्या चिपलेटला एक फॉइलचा कागद आणि सोबत एक लाकडी सुरी, बस. इथे प्लॅस्टिकची डबी, फॉइल, लाकूड, गोंद आणि कागद. लाकडी पट्टी आमच्या चुलीत जाते, कागदही. डबी आणि फॉइल तूपकट असल्यामुळे भंगारवाला घेत नाही. मला तर हिशेब उलटाच दिसतो. युरोपियन युनियनच्या नव्या पॅकेजिंग नियमानुसार १ जानेवारी २०३० पासून हॉटेलात बसून खाणाऱ्याला जॅम, सॉस, साखर अशांची एकेका वाढणीची प्लॅस्टिक पाकिटं देता येणार नाहीत, बांधून नेणाऱ्याला मात्र सूट आहे. आमच्या छोट्या घरात आम्ही अनुभवानं त्याच रेषेवर आलो: टेबलावर आता काचेच्या वाटीत बटर, मोठ्या बरणीतला जॅम आणि धुता येणारी स्टीलची सुरी.

पैशांचं म्हणाल तर ही डबी साधी चिपलेट आणि वेगळी लाकडी सुरी यांच्या एकत्र खर्चाच्या साधारण दीडपट पडते. 'सुरी विसरली' हा फोन बंद झाला, एवढ्यासाठी जॅमला ते मी देते. बटरला देत नाही.

सध्याची व्यवस्था अशी आहे: होडीच्या डब्यात जॅमच्या दोन डब्या, बटर फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि तेही साध्या चिपलेटमधलं. जॅमच्या झाकणाची सुरी त्यालाही चालते, त्यामुळे वेगळी लागत नाही. पुरवठादाराला गोंदाचे ठिपके, पट्टीच्या टोकाची गोलाई आणि रेषांची दिशा हे तिन्ही लिहून दिलंय. गोंदाचं तो कळवतो म्हणाला. गोलाईसाठी नवा साचा लागेल, त्याला एवढ्या छोट्या गिऱ्हाइकासाठी कोण हात घालणार, असंही म्हणाला. गणपतीच्या सुट्टीतल्या बुकिंगसाठी पुढची ऑर्डर द्यायची आहे. जॅमची चार खोकी, उभ्या रेषांची असतील तरच.