मारुती ८००: जुनं इंजिन बांधावं की दुसरं आणून बसवावं?

सायलेन्सरमधून निळा धूर, चढावर दम नाही, डिपस्टिकवरचं तेल दर आठवड्याला खाली. इथपर्यंत आलं की आठशेवाल्यापुढे दोनच वाटा उरतात. आपलंच इंजिन उतरवून बोअर करून (झिजलेले सिलिंडर आतून कापून मोठे करून) बांधायचं, नाहीतर भंगारवाल्याकडून चालू इंजिन आणून तेच बसवायचं. वडोदऱ्यात दोन्हींची सोय आहे. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग करणारे आहेत, आणि जुनी इंजिनं विकणारेही मिळतात. टेनामेंटच्या (बैठ्या घराच्या) अंगणात स्वतः पाना धरणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे, त्यामुळे इंजिन कसं उतरवायचं ते पहिल्यापासून सांगत बसत नाही. मी बांधायची वाट धरली. दुसरी वाट चुकीची आहे असं म्हणणार नाही, पण माझं पारडं का झुकलं ते पुढे येईलच.

आधी कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरातला दाब गेजने मोजा. गाडी गरम, बॅटरी भरलेली, तिन्ही प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. तीन सिलिंडरांत १ किलोपेक्षा (प्रति चौरस सेंमी) जास्त फरक दिसला तर त्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेला. नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्ह गळतोय, आणि मग दोन्ही वाटांची गरज नाही, हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवून काम भागतं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर आधी हेड पॅकिंगवर संशय घ्या. एवढं न करता इंजिन खाली उतरवणारे लोक आहेत, म्हणून सांगितलं.

दुसरं इंजिन बसवण्याचा फायदा उघड आहे. हाताशी माणूस आणि चेन ब्लॉक (इंजिन उचलायची साखळी-कप्पी) असेल तर शनिवार-रविवारात गाडी रस्त्यावर येते. बोअरिंग करणाऱ्या लेथवाल्याच्या दारात चकरा नाहीत, सुटे भाग डब्यात जपून ठेवणं नाही. रोज गाडी लागणाऱ्या घराला हे फार मोलाचं आहे.

पण हातात काय पडतंय ते बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि शहरातल्या कितीतरी गाड्या बॉनेटपर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. अशा गाड्यांची इंजिनं कुठे ना कुठे विकली जातातच. पाण्यात नुसतं उभं राहिलेलं इंजिन सुधारता येतं. पाण्यात स्टार्टर मारलेलं मात्र घेऊ नये, कारण पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ओळखायची सोपी रीत अशी: प्लग काढा, बारीक सळई प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवा, क्रँक पुली पान्याने हाताने फिरवा आणि पिस्टन अगदी वर आला की सळईवर खूण करा. तिन्ही भोकांत सळईचा कोन सारखाच ठेवा. एका भोकात सळई बाकीच्या दोघांपेक्षा खोल गेली तर तिथला रॉड वाकला आहे, इंजिन तिथेच सोडा. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून दह्यासारखा पांढरट थर दिसतो का तेही बघा. संपचा (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीचा) बोल्ट थोडा सैल करून आधी पाणी येतं की तेल, हे विकणाऱ्यासमोरच पाहावं.

दुसरा घोळ जातकुळीचा. ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचंच, पण ते सीटखाली लांबीच्या दिशेने बसतं आणि मागची चाकं फिरवतं. ते आठशेसाठी म्हणून दिलं जातं. मग माउंटिंग, संप, पाण्याच्या नळ्या जुळत नाहीत, आणि आपल्या इंजिनावरून काढून त्याला लावत बसावं लागतं. शिवाय ओम्नी एलपीजीवर चाललेली असेल तर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट खोल गेलेल्या असण्याची शक्यता जास्त. अल्टोचं इंजिनही ७९६ सीसीचं, पण १२ व्हॉल्व्हचं. नेहमीच्या आठशेचं ६ व्हॉल्व्हचं. सन २००० च्या सुमारास आठशेत कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन) आलं, तेव्हा आपली गाडी कुठल्या बाजूची आहे ते ध्यानात ठेवून मॅनिफोल्ड, सेन्सर, डिस्ट्रिब्युटर एकेक करून ताडून पाहा. ज्या गाडीत आयकॅट्स इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) आहे तिचा ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) किल्लीशी बांधलेला असतो. तिथे दुसऱ्या गाडीचा ईसीएम आणून लावला की स्टार्टर फिरेल, गाडी चालू होणार नाही. आपलाच ईसीएम ठेवा.

बसवताना हमखास अडणारी जागा म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातली शेवटची बोटभर फट. क्लच प्लेट मधोमध बसलेली नसली की गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे दात तिच्या दातांत शिरत नाहीत. तेव्हा बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून इंजिन आत ओढायचा मोह होतो. तसं केलं की हाउसिंगचा कान तुटतो किंवा क्लच प्लेटची हब वाकते, आणि ते कळतं गाडी चालू झाल्यावर. प्रेशर प्लेट आवळतानाच जुना इनपुट शाफ्ट किंवा सेंटरिंग टूल घालून प्लेट मधोमध आणा. दोन्ही डॉवेल पिना (इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत धरणाऱ्या) जागेवर आहेत ना पाहा. इंजिन हाताने पूर्ण टेकलं तरच बोल्ट. टेकत नसेल तर गाडी गिअरमध्ये टाकून क्रँक पुली किंचित फिरवा, दात सापडतात.

इंजिन बाहेर आहे तोवर मागचं मेन ऑइल सील, फ्लायव्हीलमागचा कोअर प्लग आणि रिलीज बेअरिंग नवीन टाका, इंजिन कितीही चांगलं म्हणून आणलेलं असो. हे तीन भाग स्वस्त आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचायला पुन्हा सगळं उतरवावं लागतं. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंपही तसेच. म्हणजे हा खर्च दोन्ही वाटांवर सारखाच आहे. चालू इंजिन स्वस्त पडतं असं म्हणणारे हिशोबात हे धरत नाहीत.

अर्थिंगची पट्टी विसरली की भलताच त्रास होतो. स्टार्टर मंद फिरतो, आणि करंटला परत जायला वाट नसल्यामुळे तो अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून जातो. केबल हाताला गरम लागली, तिचं आवरण वितळायला लागलं, तर बॅटरी बदलू नका, इंजिन आणि बॉडीमधली पट्टी शोधा. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर ती आवळावी.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला ती. इंजिन नंबर ब्लॉकवर (सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर) कोरलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. ब्लॉक बदलला की नंबर बदलला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसीत नोंदवून घ्यावा लागतो. कायदा आडवा येत नाही, सरळ अर्ज आणि फी आहे. त्रास कागदांचा आहे. आणलेलं इंजिन कुठल्या गाडीचं, ती गाडी कोणाची, मोडीत निघाली की नाही, याचं उत्तर देणारं पक्कं बिल भंगारात सहसा मिळत नाही. मिळालं तरी त्यावर इंजिन नंबर लिहिलेला नसतो. चोरीच्या गाडीचा ब्लॉक आपल्या अंगणात आला तर उत्तर आपणच द्यायचं.

आणि हे एकदाच निस्तरून संपत नाही. आठशेचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे रस्त्यावरच्या बहुतेक आठशे पंधरा वर्षांच्या पुढे गेल्यात. पंधरा वर्षांनंतर फॉर्म २५ भरून नोंदणी पुन्हा करायची आणि तिची मुदत पाच वर्षांची. दर वेळी निरीक्षकासमोर गाडी उभी करायची, चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडले जायचे. एकदा नोंदवायचं टाळलं तर पुढच्या प्रत्येक नूतनीकरणाला, विक्रीला, विम्याच्या क्लेमला तोच प्रश्न. जुना नंबर घासून नवा ठोकून देतो म्हणणारा भेटला तर त्याच्या वाटेला जाऊ नका, तो सरळ गुन्हा आहे. उलट, आपला नंबर गंजाखाली गेला असेल तर डिझेल लावून ब्रशने हलक्या हाताने साफ करा, त्यावर खडू चोळून फोटो काढून ठेवा. ग्राइंडर तिथे लावायचा नाही.

बांधण्याच्या बाजूचा जाच वेगळा आहे, तो म्हणजे वेळ. लेथवाल्याच्या रांगेत आपला ब्लॉक थांबतो, तेवढा काळ सुटे भाग घरात पसरलेले. पावसाळ्यात तर ताज्या बोअरवर एका रात्रीत गंज चढतो, म्हणून ब्लॉक परत आला की धुऊन लगेच तेलाचा हात फिरवा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळा. धुणं मात्र रॉकेलवर भागवू नका. होनिंगची (बोअर शेवटचा घासून गुळगुळीत करण्याची) बारीक रेती रॉकेलने हलत नाही. गरम पाणी, साबण आणि कडक ब्रश घ्या, पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत. ही रेती राहिली तर नव्या रिंग थोड्याच दिवसांत जुन्यासारख्या होतात. घरी बांधलेली इंजिनं लवकर तेल प्यायला लागतात त्याचं मुख्य कारण माझ्या पाहण्यात हेच आहे.

लेथवाल्याकडे ब्लॉक देताना पिस्टन सोबत द्या. आधी बोअर आणि मग पिस्टन हा क्रम उलटा आहे. ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइझ पिस्टन आणायचे, प्रत्येकावर सिलिंडरचा नंबर टाकायचा, आणि त्या त्या पिस्टनला मोजून तो तो सिलिंडर बोअर करून घ्यायचा. बोअर तीन उंचींवर आणि दोन दिशांनी मोजलेला कागद मागा. चांगला कारागीर तो न मागता देतो. ०.५० च्या पुढे झीज असेल तर लायनर (सिलिंडरात बसवायची नवी नळी) टाकावा लागतो.

जोडताना रॉडच्या टोप्या आपापल्या रॉडलाच आणि त्याच दिशेने. रिंगवरची खूण वर, तिन्ही रिंगांची तोंडं एकमेकांपासून सुमारे १२० अंशांवर. प्रत्येक रिंग आधी सिलिंडरात सरळ घालून फिलर गेजने फट मोजा. फटच राहिली नाही तर गरम झाल्यावर टोकं भिडून रिंग तुटते. हेडच्या बोल्टांची भोकं कापसाने कोरडी करा. भोकात तेल साचलेलं असताना बोल्ट आवळला तर तेलाला जागा नसते आणि ब्लॉकला चीर जाऊ शकते. टॉर्क पान्याने मधून बाहेर, तीन टप्प्यांत. हेडचा वाकडेपणा ०.०५ मिमीच्या वर असेल तर फेसिंग करून (तळ कापून सपाट करून) घ्या. व्हॉल्व्ह लॅपिंग (पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) झाल्यावर पोर्टमध्ये पेट्रोल भरून ठेवा. खालून ओल आली तर पुन्हा लॅपिंग.

हे सगळं निगुतीनं करायची तयारी नसेल, तर दुसरं इंजिन आणणंच बरं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. अर्धवट बांधलेल्या इंजिनापेक्षा धड चालू इंजिन कधीही चांगलं. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल किंवा ब्लॉकला चीर असेल तर प्रश्नच नाही. ओळखीची, अपघातात मागून चेपलेली अख्खी गाडी मिळत असेल, तिचं इंजिन चालू करून ऐकता येत असेल आणि मूळ मालक कागद देत असेल, तर मीही थोडा विचार करेन. पण नुसतं धूर न काढणारं इंजिन आणि विकणाऱ्याचा शब्द, एवढ्यावर नाही.

या दोन्हींच्या मधली एक वाट आहे आणि माझा कल तिच्याकडे आहे. आपला ब्लॉक, म्हणजे आपला नंबर, बोअर करून ठेवायचा. भंगारातून हेड, मॅनिफोल्ड, ऑल्टरनेटर, स्टार्टर असं वरचं सामान आणायचं. हेड वेगळं असल्याने आरसीत काही बदलत नाही, आणि गंजके स्टड आत तुटलेलं आपलं हेड दुरुस्त करत बसावं लागत नाही. एक्झॉस्टचे स्टड अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये गंजून बसतात. काढायचेच असतील तर आदल्या रात्री पेनेट्रेटिंग ऑइल सोडा, दुसऱ्या दिवशी भोवतालचं अ‍ॅल्युमिनियम गरम करा आणि पाना पुढेमागे हलवत काढा. एकाच दिशेने जोर लावला की स्टड आत तुटला समजा. आणलेलं हेड काचेच्या तुकड्यावर ठेवून सरळ आहे का ते विकणाऱ्याच्या दुकानातच पाहता येतं, अख्ख्या इंजिनाच्या आत मात्र असं डोकावता येत नाही.

पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा, पण दहा-दहा सेकंदांच्या वर नको. मगच प्लग लावा. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत पाणी आणि कूलंट भरत राहा. हवा अडकली तर काटा आधी वर जात नाही, हेड तापून जातं. ५०० किलोमीटरला तेल बदला, आणि १००० होईपर्यंत हलोलच्या हायवेवर एकाच वेगाने गाडी पळवू नका, वेग कमीजास्त करत चालवा.