जुने अंक शोधण्याजोगे करायचे तर: ओसीआर की माणसांनी केलेली सूची?

छंदाला वाहिलेल्या मासिकाचे सगळे जुने अंक स्कॅन होऊन पीडीएफमध्ये आले, की लगेच पुढचा प्रश्न येतो: तो लेख नेमका कोणत्या अंकात होता? वीस वर्षांचं मासिक म्हणजे २४० अंक. अंकाला ६० पानं धरली, तर १४,४०० पानं. इतकी पानं चाळत कोणी बसणार नाही. मग मजकूर सॉफ्टवेअरकडून वाचून घ्यायचा, की स्वयंसेवकांना हाताशी धरून लेखसूची करायची?

ओसीआरमध्ये सॉफ्टवेअर पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखतं आणि त्या मजकुराचा एक अदृश्य थर पीडीएफमध्ये ठेवतं. टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर २००५पासून मुक्तस्रोत आहे, मराठीही वाचतं. स्कॅन ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) आणि सरळ असेल, तर स्वच्छ छपाईवर चांगला निकाल मिळतो, आणि माणसाचा वेळ जवळजवळ लागत नाही. पुसट शाई असली की 'ध'चा 'घ' आणि 'भ'चा 'म' होतो. दोन स्तंभांच्या पानावर कधी ओळी आडव्या जोडल्या जातात. हाताने काढलेल्या आकृतीतली अक्षरं बहुधा हातची जातातच.

पण माझ्या मते ओसीआरची खरी अडचण चुकलेल्या अक्षरांची नाही. मजकूर शंभर टक्के अचूक वाचला, तरी ती उरते. हौशी रेडिओचं उदाहरण घ्या. जुन्या इंग्रजी लेखांत 'कंडेन्सर' आणि 'किलोसायकल' असतं. आजचा वाचक त्याच गोष्टींसाठी 'कपॅसिटर' आणि 'किलोहर्ट्झ' शोधतो. हर्ट्झ या वारंवारतेच्या एककाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली १९६० साली, आणि जुने शब्द त्यानंतरही रेंगाळले. वाचक शोधतो, काही सापडत नाही, आणि मासिकात त्या विषयावर काहीच आलं नाही असं समजून निघून जातो. उलट 'अँटेना' शोधलं, तर प्रत्येक जाहिरात आणि वाचकांचं प्रत्येक पत्र समोर येतं. ज्या लेखात ती बनवायची कृती आहे, तो त्या ढिगाखाली राहतो.

सूची करणारा माणूस इथे उपयोगी पडतो. तो 'कंडेन्सर'च्या लेखाला 'कपॅसिटर' ही विषयनोंद देतो. तीन अंकांत आलेल्या लेखमालेचे भाग एकमेकांना जोडतो. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते काम म्हणजे चूकदुरुस्ती. मार्चच्या अंकातल्या आकृतीत एक माप चुकलेलं असतं आणि मेच्या अंकात कोपऱ्यात दोन ओळींची दुरुस्ती छापलेली असते. ती मूळ लेखाच्या नोंदीत आली नाही, तर वाचक चुकीच्या मापाने लाकूड कापतो किंवा चुकीचा भाग जोडतो. हा दुवा आपणहून जोडणं ओसीआरच्या आवाक्यातलं नाही.

किंमत अर्थातच वेळेची. एका अंकाला एक तास धरला, तर २४० तास. दहा जणांनी आठवड्याला दोन तास दिले, तर बारा आठवडे. नंतर तपासणी वेगळी.

तिसरी वाट म्हणजे ओसीआरचा मजकूर स्वयंसेवकांकडून ओळ न् ओळ सुधारून घेणं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८ साली जुन्या वर्तमानपत्रांसाठी हे वाचकांवर सोपवलं आणि ते मोठ्या प्रमाणावर यशस्वी झालं. पण वर्तमानपत्रात लोक व्यक्तींची आणि गावांची नावं शोधतात. तिथे एकेक अक्षर महत्त्वाचं. छंदाच्या मासिकात तेवढेच तास सूचीला दिले, तर हाती जास्त लागतं.

म्हणून माझा कौल असा: सगळ्या अंकांवर ओसीआर आधी चालवून घ्या, आणि माणसांचे तास सूचीसाठीच राखून ठेवा. वाचकाला नेमका शब्द आठवत असेल तर ओसीआर पुरतं. त्याच्या मनात फक्त गरज असेल, तर सूचीच लागते. अंक फक्त वर्गणीदारांसाठी असले, तरी शीर्षक, लेखक आणि पान क्रमांक एवढीच सूची सर्वांना दाखवायला सहसा अडचण येत नाही. नवा वाचक मासिकाकडे येतो तोही तिच्यामुळे.

सूची हाती घेणार असाल, तर कामं वाटण्याआधी विषयशब्दांची यादी ठरवा. नाहीतर एक जण 'रंगकाम' लिहील, दुसरा 'पेंटिंग', आणि वर्षभराने दोन्ही एकत्र करण्यातच दमछाक होईल. पाच अंक दोघांकडून स्वतंत्रपणे करून घ्या आणि नोंदी शेजारी ठेवून पाहा. नियमांत कुठे संदिग्धता आहे ते लगेच कळतं. साधी एक्सेलची फाइल पुरते. फक्त छापील पान आणि पीडीएफमधलं पान यांचे रकाने वेगळे ठेवा, कारण मुखपृष्ठ आणि जाहिरातींमुळे ते आकडे बहुतेक वेळा जुळत नाहीत.

आणि माणसं दोनच असतील, तर सगळं करायला जाऊ नका. कृती, आराखडे आणि दुरुस्त्या एवढ्यांचीच नोंद करा. संपादकीय, पत्रं आणि जाहिराती ओसीआरवर सोडून द्या.