लुक्का: तटावर चालायला जा

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे इटलीत कुठेही जायचं म्हटलं की मी आधी तिथे चढ-पायऱ्या किती, ते पाहायचे. लुक्काला आल्यावर जीव भांड्यात पडला. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर हिरवळ आणि तिच्यापलीकडे गावाभोवतीचा विटांचा तट. गाव सपाट, आणि तटावर जायला हलक्या चढाची वाट. आई काठी न टेकता वर आली.

तटाचा घेर सव्वाचार किलोमीटरच्या आसपास. सोळाव्या शतकात सुरू झालेलं बांधकाम १६५०च्या सुमाराला संपलं. वर एवढी रुंद जागा आहे की दुतर्फा झाडं लावलेला अख्खा रस्ताच झालाय. बुरुजांवर मुलं खेळतात, बाकांवर आजोबा गप्पा मारत बसतात. या तटावर शत्रू कधी चालून आलाच नाही. पण १८१२मध्ये सेर्कियो नदीला पूर आला, तेव्हा वेशीचे दरवाजे बंद केले आणि पाणी बाहेरच अडलं. हे कळल्यावर आईने भिंतीवर हात ठेवला आणि काही बोलली नाही.

आम्ही चार चाकांची, दोघांनी पेडल मारायची गाडी भाड्याने घेतली. आमच्या गाडीचा ब्रेक सैल होता. तुम्ही निघण्यापूर्वी ब्रेक दाबून बघा. खरं तर पायीच फिरा, झाडांखालून दोन तास कसे जातात ते कळत नाही.

ग्विनीजी मनोऱ्याच्या माथ्यावर ओकची झाडं आहेत. लिफ्ट नाही, दोनशेहून जास्त पायऱ्या आहेत, म्हणून मी एकटीच चढले. वरून सगळी लाल कौलं आणि पलीकडे डोंगर दिसतात. अँफिथिएटर चौक लंबगोल आहे, कारण घरं रोमन रंगमंडलाच्या अवशेषांवरच उभी राहिली. चौकात फोटो काढून लगेच निघू नका. बाहेरच्या गल्लीतून वळसा घाला, घरांच्या भिंतींत अडकलेल्या रोमन कमानी तिथेच दिसतात. चौकातलं जेवण मात्र मला महागही वाटलं आणि बेचवही.

माझ्यासाठी लुक्का म्हणजे सान मार्तीनो कॅथेड्रलमधली इलारिया. लुक्काचा सत्ताधीश पाओलो ग्विनीजी याची ही बायको १४०५मध्ये बाळंतपणात गेली. शिल्पकार याकोपो देल्ला क्वेर्चाने तिला संगमरवरात अशी निजवलीय की आपण आपोआप हळू बोलायला लागतो. पायाशी तिचा कुत्रा मान वर करून तिच्याकडे बघतोय. "किती लहान पोर गं," आई म्हणाली, आणि बराच वेळ तिथून हलली नाही. तिकीट घ्यावं लागतं. जरूर घ्या.

फ्लॉरेन्सहून ट्रेनने दीड तासाच्या आत येता येतं, म्हणून बरेच जण सकाळी येऊन संध्याकाळी परततात. तसं करू नका, एक रात्र तरी राहा. दिवसाची गर्दी ओसरली की फिल्लुंगो रस्त्यावर पावलांचा आवाज ऐकू येतो. परतीच्या दिवशी आईनेच मला सहाला उठवलं. ट्रेन दहाची होती आणि तिला तटावर आणखी एक फेरी मारायची होती. बडीशेप आणि मनुका घातलेला बुक्केल्लातो पाव आम्ही बुरुजावरच्या बाकावर बसून खाल्ला.